गटसाखळी नीट खेळवायची तर: गट पाडण्यापासून शेवटच्या चेंडूच्या गणितापर्यंत

दिवाळी सरली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यात लेदर चेंडूच्या स्पर्धांची तयारी सुरू होते. बाद पद्धतीची स्पर्धा भरवायला सोपी, पण त्यात उचगावहून टेम्पो करून आलेला संघ सकाळी साडेनऊला हरला की त्याची स्पर्धा तिथेच संपते. प्रवेश फी भरून, पोरांना रजा काढायला लावून एकच सामना मिळतो. म्हणून विश्वचषकासारखी गटसाखळी घ्यावी असं मंडळांना वाटतं आणि ते बरोबरच आहे. मात्र बाद पद्धतीत न लागणारं गणित इथे लागतं. ते आधी ठरवलेलं नसेल तर शेवटच्या रविवारी मंडपात वाद ठरलेला. हा लेख त्या गणितासाठी आहे.

गट किती, सामने किती

गटात जितके संघ, त्यातून एक वजा करा, त्या दोन आकड्यांचा गुणाकार करा आणि निम्मा करा. चार संघांच्या गटात ६ सामने, पाचच्या १०, सहाच्या १५, सातच्या २१. दहा संघांनी एकमेकांशी खेळायचं तर ४५. २०१९ आणि २०२३ च्या विश्वचषकांत साखळीचे ४५ सामने होते ते त्यामुळेच.

विश्वचषकाने हा साचा वारंवार बदलला. १९७५ मध्ये आठ संघ, चार-चारचे दोन गट. १९९२ मध्ये नऊ संघ एकाच साखळीत. २००७ मध्ये सोळा संघ, चार-चारचे चार गट. या शेवटच्या साच्यात प्रत्येक संघाला तीनच सामने होते, त्यामुळे एका पराभवानंतर सावरायला जागाच उरली नाही. भारत बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरला, बर्म्युडाला हरवलं तरी घरी परतला. पाकिस्तानला वेस्ट इंडिज आणि आयर्लंडने बाहेर काढलं. छोटा गट निर्दय असतो, हे संघांना फॉर्म देतानाच सांगा.

तालुका पातळीवर आठ संघ आणि चारचे दोन गट हाच साचा झेपतो: साखळीचे १२, दोन उपांत्य, एक अंतिम, मिळून १५ सामने. पाच-पाचचे दोन गट केले तर साखळीच २० वर जाते आणि प्रत्येक फेरीत एक संघ रिकामा बसतो. नऊ किंवा दहा अर्ज आले तर मन मोठं करून सगळ्यांना घेण्यापेक्षा जादा संघांची पात्रता लढत आधीच्या रविवारी लावा.

गट पाडताना मागच्या वर्षीचे अंतिम फेरीतले दोन संघ वेगवेगळ्या गटांत टाका. एकाच गावचे दोन संघ असतील तर तेही वेगळे करा, नाहीतर शेवटच्या सामन्यात एकाने दुसऱ्याला वाट करून दिली अशी कुजबुज सुरू होते. उरलेल्या चिठ्ठ्या सर्व संघांच्या प्रतिनिधींसमोर काढा.

चार संघांना १ ते ४ क्रमांक दिले की फेऱ्या अशा: पहिली १–४ आणि २–३, दुसरी १–३ आणि २–४, तिसरी १–२ आणि ३–४. तगडे मानलेले संघ १ आणि २ वर ठेवले तर त्यांची लढत शेवटच्या फेरीत येते आणि गट शेवटपर्यंत जिवंत राहतो.

मैदान आणि घड्याळ

पूर्ण ५० षटकांचा सामना म्हणजे अख्खा दिवस. एका मैदानावर १५ सामने म्हणजे १५ दिवस, आणि रविवारीच खेळायचं तर साडेतीन महिने. शाळेचं मैदान असेल तर हे जमतच नाही, कारण मार्चमध्ये दहावीची परीक्षा येते. म्हणून षटकं कमी करावी लागतात.

लेदर चेंडूच्या स्थानिक सामन्यात एका षटकाला सरासरी चार मिनिटं धरा. ३० षटकांच्या सामन्याला २४० मिनिटं अधिक मधला २० मिनिटांचा वेळ, म्हणजे चार तास वीस मिनिटं. साडेआठला सुरू केलेला सामना १२.५० ला संपेल, दुसरा १.२० ला सुरू होऊन ५.४० ला. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. कागदावर हे बसतं, मैदानावर बसत नाही: एक चेंडू उसात गेला आणि एका फलंदाजाच्या अंगठ्याला लागलं की पंधरा मिनिटं गेली. २५ षटकांचे सामने लावा. पहिला ८.३० ते १२.१०, दुसरा १२.४० ते ४.२०. दीड तासाची उसंत हाताशी राहते.

खानापूरकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं आणि दव जास्त. खेळपट्टीवर मॅटिंग (चटई) असलं तरी आउटफील्ड ओलं असतं, चेंडू दहा षटकांत फुगतो आणि नाणेफेक जिंकणारा डोळे झाकून क्षेत्ररक्षण घेतो. तिथे पहिला सामना नऊच्या आत नको. एकाच संघाला तिन्ही सामने सकाळचे मिळणार नाहीत हेही वेळापत्रकात बघा. दवाचा वाटा सगळ्यांना सारखा यायला हवा.

एप्रिल-मे मात्र टाळाच. वळीव दुपारी तीननंतर येतो आणि नेमका दुसरा सामना कापतो.

नियमपत्रक: फी घेण्याआधी, मराठीत आणि कानडीत

नियम एका पानावर मावले पाहिजेत आणि प्रत्येक कर्णधाराची सही त्यावर हवी. पंच आणि स्कोअरर दोन्ही भाषांचे असतात, तेव्हा पत्रकही दोन्ही भाषांत काढा.

गुण: विजयाला २, बरोबरी किंवा अनिर्णित सामन्याला १, पराभवाला शून्य. त्या एका गुणाला कमी लेखू नका. १९९२ च्या विश्वचषकात ॲडलेडला पाकिस्तान इंग्लंडविरुद्ध ७४ धावांत गारद झाला होता, पावसाने सामना वाहून गेला आणि एक गुण हातात पडला. साखळी संपली तेव्हा पाकिस्तानचे ९ गुण होते, ऑस्ट्रेलियाचे ८. पुढे विश्वचषक पाकिस्ताननेच नेला.

गुण समान झाले तर क्रम कसा लावायचा, हे पत्रकातलं सर्वांत महत्त्वाचं कलम. २०१९ च्या विश्वचषकात आधी विजयांची संख्या, मग नेट रनरेट (आपल्या धावांचा वेग वजा समोरच्यांच्या धावांचा वेग) आणि त्यानंतर आपसातला सामना असा क्रम होता. न्यूझीलंड आणि पाकिस्तान दोघांचे ११ गुण, दोघांचे पाच विजय. आपसातला सामना पाकिस्तानने जिंकला होता, तरी न्यूझीलंड +०.१७५ वर आणि पाकिस्तान −०.४३० वर असल्याने न्यूझीलंड उपांत्य फेरीत गेला. कलम उलटं लिहिलेलं असतं तर पाकिस्तान गेला असता.

आपल्याकडे «आपण त्यांना हरवलंय, मग ते वर कसे?» हा प्रश्न दर वर्षी येतो. आपसातला सामना आधी धरायचा असेल तर धरा, त्यात गैर काही नाही. पण चारच्या गटात तीन संघांनी एकमेकांना हरवून वर्तुळ पूर्ण केलं तर ते कलम कुणालाच वर काढत नाही आणि शेवटी नेट रनरेटच बघावा लागतो. म्हणून २०१९ चाच क्रम घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वॉकओव्हर: लग्नसराई, गळीत हंगाम, गावची जत्रा या कारणांनी संघ येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमात न आलेल्या संघाच्या खात्यात पूर्ण कोट्याची षटकं आणि शून्य धावा मांडतात. हजर संघाला गुण मिळतात, पण त्याच्या रनरेटमध्ये काहीच भर पडत नाही. हे न्याय्य आहे, तसंच ठेवा. वॉकओव्हर गटाचं रूप बदलतो, हे विश्वचषकातही दिसलं. २००३ मध्ये न्यूझीलंडने नैरोबीला जायला नकार दिला, ते गुण केनियाला मिळाले आणि केनिया उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. किती मिनिटं वाट बघायची तेही लिहा. तीस मिनिटं पुरे.

पात्रता: चंदगडचा खेळाडू बेळगावच्या संघातून चालेल का, एक खेळाडू दोन संघांत चालेल का, हे पहिल्या सामन्याआधी ठरवा. सीमाभागात नात्यागोत्यामुळे दोन्हीकडची पोरं एकत्र खेळतात, ती खेळावीतच. फक्त पंधरा नावांची यादी आधी घ्या आणि पहिला चेंडू पडल्यावर ती बदलू नका.

स्कोअरबुकात काय चुकतं

गुणतक्ता बिघडतो तो बहुतेक वेळा स्कोअरबुकातच. दोन संघांचे दोन स्कोअरर शेजारी बसवा. प्रत्येक षटकानंतर आणि प्रत्येक बळीनंतर दोघांनी धावा, बळी आणि चेंडू मोठ्याने जुळवायचे. डाव संपल्यावर तीन बेरजा: फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर म्हणजे एकूण धावा; गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय, लेगबाय आणि दंडाच्या धावा म्हणजेही तीच एकूण; आणि गोलंदाजांच्या षटकांची बेरीज म्हणजे डावाची षटकं. तिन्ही जुळल्याशिवाय खेळाडूंना जेवायला सोडू नका. जेवणानंतर कुणाला काही आठवत नाही.

वाइड आणि नोबॉलच्या धावा धरायच्या, चेंडू धरायचा नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी चूक होते. एका षटकात दोन वाइड पडले आणि पंचांनी पाचव्या चेंडूवर «ओव्हर» म्हटलं, तर ते षटक एका षटकाइतकंच धरायचं.

अंकांचं एक पथ्य पाळा. घाईत लिहिलेला मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. एका पानावर मराठी, कानडी आणि इंग्रजी अंकांची मिसळ झाली की संध्याकाळी १४ च्या जागी कुणीतरी ९४ वाचतो. अंक एकाच लिपीत, सगळ्यांनी. पानावर दोन्ही कर्णधारांच्या सह्या घेऊन लगेच मोबाइलवर फोटो काढा.

नेट रनरेट: षटकं विसरा, चेंडू मोजा

सूत्र छोटं आहे. आपण साखळीत काढलेल्या एकूण धावा भागिले खेळलेली एकूण षटकं. त्यातून दिलेल्या एकूण धावा भागिले टाकलेली एकूण षटकं वजा करा. चुका तीन होतात आणि त्या ठरलेल्या आहेत.

समजा येळ्ळूरने २५ षटकांत १६२ केल्या आणि सांबऱ्याचा डाव १८.२ षटकांत ९७ वर संपला. सर्वबाद संघाची षटकं पूर्ण कोट्याची धरायची, म्हणजे २५. येळ्ळूरची धावगती ६.४८, सांबऱ्याची ३.८८, फरक +२.६००. इथे १८.२ धरलं तर फरक १.१९ वर येतो आणि लवकर गुंडाळल्याची शिक्षा गोलंदाजांना मिळते. ही पहिली चूक.

दुसरी चूक दशांशाची. १९.४ षटकं म्हणजे १९ षटकं आणि ४ चेंडू, १९ पूर्णांक चार दशांश नव्हे. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरला हे कळत नाही. म्हणून तक्त्यात षटकांचा रकानाच ठेवू नका, चेंडूंचा ठेवा. १९.४ म्हणजे ११८ चेंडू. धावा गुणिले ६ भागिले चेंडू, की धावगती मिळाली.

पुढच्या सामन्यात येळ्ळूर २२.५ षटकांत सर्वबाद १२१, खानापूरने १९.४ षटकांत ४ बाद १२२. आता येळ्ळूरचं खातं: काढलेल्या धावा १६२ + १२१ = २८३, चेंडू १५० + १५० = ३००, धावगती ५.६६०. दिलेल्या धावा ९७ + १२२ = २१९, चेंडू १५० + ११८ = २६८, धावगती ४.९०३. नेट रनरेट +०.७५७.

तिसरी चूक इथेच होते: दोन सामन्यांचे फरक काढून त्यांची सरासरी घेणं. पहिला +२.६००, दुसरा −१.३६३, सरासरी ०.६१८. उत्तर चुकलं. बेरीज आधी, भागाकार शेवटी.

प्रत्येक संघाला चार रकाने पुरतात: धावा काढल्या, चेंडू खेळले, धावा दिल्या, चेंडू टाकले. ताळा सोपा आहे. गटातल्या चारही संघांच्या काढलेल्या धावांची बेरीज आणि दिलेल्या धावांची बेरीज सारखी यायला हवी, चेंडूंचंही तसंच. वॉकओव्हरची शून्य धावांची षटकं आणि पावसात बदललेले आकडे तेवढे वेगळे ठेवून बघा. फरक निघाला तर फलकावर काही लावू नका.

एका वाईट दिवसाची किंमत किती असते, हे २०१९ च्या पाकिस्तानकडे बघा. पहिल्याच सामन्यात वेस्ट इंडिजसमोर २१.४ षटकांत १०५ सर्वबाद, आणि विंडीजने १३.४ षटकांत खेळ संपवला. पाकिस्तानच्या खात्यात १०५ धावांना ५० षटकं लागली. शेवटी लॉर्ड्सवर ३१५ करूनही बांगलादेशला ७ धावांत रोखावं लागणार होतं. सामना ९४ धावांनी जिंकला, पण स्पर्धा तेव्हाच संपलेली होती.

पाऊस आला तर

आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यात निकालासाठी दुसऱ्या संघाला किमान २० षटकं मिळायला हवीत. २५ षटकांच्या सामन्यात हा किमान आकडा १० ठेवा.

लक्ष्य कमी करायला नुसती सरासरी वापरू नका. ५० षटकांत २५० झाल्या आणि डाव सुरू होण्याआधीच दुसऱ्या संघाची षटकं ४० झाली, तर सरासरीने लक्ष्य २०१ येतं. पण दहाही गडी हातात असताना ४० षटकं म्हणजे ८० टक्के ताकद नव्हे. पावसात लक्ष्य बदलण्याच्या डकवर्थ-लुईस पद्धतीच्या छापील तक्त्यात ती ८९.३ टक्के आहे. त्या हिशेबाने बरोबरी २२३ वर आणि लक्ष्य २२४. तक्ता छापून मंडपात ठेवा आणि एकाच माणसाला त्याची जबाबदारी द्या.

बरोबरीचा आकडा आणि जिंकण्याचा आकडा यांत एका धावेचं अंतर असतं. ३ मार्च २००३ रोजी डर्बनला दक्षिण आफ्रिकेचं ते अंतर चुकलं. २२९ हा बरोबरीचा आकडा होता, संघाला तो विजयाचा वाटला. मार्क बाउचरने मुरलीधरनला षटकार मारून २२९ गाठले, पुढचा चेंडू शांतपणे खेळून काढला, पाऊस वाढला आणि सामना बरोबरीत सुटला. यजमान संघ गटातच बाद. फळ्यावर आकडा लिहिताना «जिंकायला इतक्या» असंच लिहा.

डकवर्थ-लुईस लागलेल्या सामन्यात रनरेट मांडताना पहिल्या संघाच्या खात्यात त्याच्या प्रत्यक्ष धावा नाही, तर सुधारित लक्ष्यापेक्षा एक कमी इतक्या धावा आणि दुसऱ्या संघाला दिलेली षटकं मांडायची. अनिर्णित सामना रनरेटमध्ये धरतच नाहीत.

शेवटची फेरी

दोन मैदानं मिळत असतील तर शेवटच्या फेरीचे दोन्ही सामने एकाच वेळी सुरू करा. विश्वचषकात प्रक्षेपणामुळे तसं करत नाहीत, म्हणून नंतर खेळणाऱ्याला नेमका आकडा माहीत असतो. आपल्याला प्रक्षेपणाची अडचण नाही.

डावांच्या मधल्या वेळेत दोन्ही कर्णधारांना लेखी आकडा द्या: कितव्या चेंडूपर्यंत जिंकलं तर पात्र. आणि फक्त एक आकडा देऊन थांबू नका. २०२३ च्या आशिया चषकात ५ सप्टेंबरला लाहोरला अफगाणिस्तानचं काय झालं ते पूर्ण मांडून बघण्यासारखं आहे.

श्रीलंकेने ८ बाद २९१ केल्या. अफगाणिस्तानला पुढे जायचं तर २९२ धावा ३७.१ षटकांत हव्या होत्या. आधीच्या सामन्यात अफगाणिस्तानने २४५ (सर्वबाद, म्हणून ३०० चेंडू) काढल्या होत्या आणि ३३४ दिल्या होत्या. श्रीलंकेने ३९ षटकांत १६५ काढून बांगलादेशला १६४ मध्ये गुंडाळलं होतं. २२३ चेंडूंत २९२ झाल्या असत्या, तर अफगाणिस्तान −०.०८९ आणि श्रीलंका −०.१०८. २२४ चेंडूंत झाल्या असत्या, तर अफगाणिस्तान −०.१०१ आणि श्रीलंका −०.०९८. एका चेंडूने पारडं फिरतं.

३७ षटकं संपली तेव्हा धावा होत्या २८९. पुढच्या चेंडूवर मुजीब बाद झाला आणि संघाने आशा सोडली. पण विजयी फटका चौकार किंवा षटकार असू शकतो आणि त्या जादा धावाही रनरेटमध्ये धरल्या जातात. २९३ धावा ३७.२ पर्यंत, २९४ धावा ३७.३ पर्यंत, २९५ धावा ३७.५ पर्यंत चालणार होत्या. म्हणजे पुढच्या चेंडूवर चौकार, किंवा त्यानंतरच्या कुठल्याही तीन चेंडूंत एक षटकार. फारुकीने दोन चेंडू अडवले आणि तिसऱ्यावर तो पायचीत झाला, समोर राशिद खान उभाच. ही आकडेमोड संघाला कळवलीच गेली नव्हती, असं प्रशिक्षक जोनाथन ट्रॉट यांनी नंतर सांगितलं.

तेव्हा चिठ्ठीवर सहा ओळी लिहा: लक्ष्य, लक्ष्य अधिक एक, अधिक दोन, असं अधिक पाचपर्यंत, आणि प्रत्येकासमोर चेंडू. बीजगणित येत नसेल तर अडत नाही. चार रकान्यांत वेगवेगळे चेंडू घालून बघायचे आणि जिथे क्रम उलटतो त्याच्या आधीचा चेंडू लिहायचा. दहा मिनिटांचं काम आहे. ही चिठ्ठी क्षेत्ररक्षण करणाऱ्या कर्णधारालाही द्या. त्यालाही कुठपर्यंत खेचायचं ते कळायला हवं.

तक्त्यावरून उपांत्य फेरी

शेवटचा सामना संपल्यावर तक्ता लगेच लावा, त्याखाली चारही रकान्यांचे आकडे उघडे ठेवा आणि हरकतीला एक तास द्या. हरकत लेखी आणि स्कोअरबुकाच्या पानावर बोट ठेवून. जोड्या अ गटातला पहिला विरुद्ध ब गटातला दुसरा, आणि ब मधला पहिला विरुद्ध अ मधला दुसरा.

उपांत्य सामना बरोबरीत सुटला किंवा पावसाने गेला तर काय, हेही नियमपत्रकात आधीच हवं. १९९९ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांचा उपांत्य सामना बरोबरीत सुटला. गटांनंतरच्या सुपर सिक्स फेरीच्या तक्त्यात वर असल्यामुळे ऑस्ट्रेलिया अंतिम फेरीत गेला. आपल्याकडे बरोबरीला सुपर ओव्हर ठेवा. पावसासाठी पुढचा सोमवार राखीव धरा आणि मैदानाची परवानगी त्या दिवसासह घ्या. सोमवारही गेला तर गटात पहिला आलेला संघ पुढे.